बाजारातल्या एकाला विचारलं

२१ जुलै, सोमवार

आज एका पक्षकारानं मला टायपिस्ट समजून हातात कागद दिले. म्हणाला, ताई, याच्या दोन प्रती काढा. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरे बँड, तरी. शेजारी ललित उभा होता, त्याला मात्र वाकून नमस्कार. ललित माझ्यासारखाच ज्युनियर, माझ्या आधी वर्षभर लागलेला. रावेरकडच्या केळीवाल्यांचा मुलगा, पण शिकला जळगावातच, इंग्रजी शाळेत. त्याच्या मनगटावर भलंमोठं स्विस घड्याळ, पायात आरशासारखे बूट. माझ्या खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिची चेन अर्ध्यात अडकते म्हणून मी सेफ्टी पिन लावलीय. पक्षकारानं जे पाहिलं त्यावरून ठरवलं.

आणि मी काय केलं? मुकाट्यानं प्रती काढून दिल्या. 'मी वकील आहे' एवढं म्हणायला जीभ झडली होती माझी.

कामिनी मॅडमनी काचेतून सगळं पाहिलं असावं. मॅडम मूळ पुण्याच्या, जळगावात लग्न होऊन आल्या आणि इथंच वकिली थाटली. त्यांचं ऑफिस म्हणजे कॉफीचं मशीन, पांढरे सोफे, पायपुसण्यावर सुद्धा पाय ठेवायला भीती वाटावी असं. संध्याकाळी म्हणाल्या, "ऋतिका, इथं माणूस आधी बॅग बघतो, मग वकील बघतो. मला आवडतं असं नाही, पण रीतच पडलीय." मग त्यांनी आपली बॅग टेबलावर सरकवली. बेलमोंते. इटलीची कंपनी आहे म्हणे. खूप मऊ होती. मी हात लावला आणि लगेच मागे घेतला.

२७ जुलै, रविवार

घरी साक्रीला आले. आबा आठवडे बाजारात तयार कपड्यांचं दुकान लावतात. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, खाली सुरतेहून आणलेल्या मालाची गाठोडी. एक दिवस साक्री, एक दिवस दहिवेल, असं फिरत असतात. त्यांच्या शर्टांवर जगातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांची नावं असतात, फक्त स्पेलिंग आपापलं. गिऱ्हाईक कधी वाचत नाही आणि आबाही वाचत नाहीत.

जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, आबा, सुरतेत बायकांच्या बॅगा मिळतात का, बेलमोंते म्हणून. आबांना इतका आनंद झाला की हातातली भाकर तशीच राहिली. मी कधी काही मागत नाही ना त्यांच्याकडे. वकील झाल्यापासून तर त्यांना वाटतं, आता हिला आपल्याकडचं काय कामाचं. "वकीलीणबाईले शोभी अशी लई येस," म्हणाले, शोभेल अशी घेऊन येतो. माय म्हणाली, अगं रंग तरी सांग. मी सांगितलं, तपकिरी. मॅडमच्या बॅगेसारखा, ते नाही सांगितलं.

४ ऑगस्ट, सोमवार

काल कानबाईच्या सणाला घरी होते. रोट खाल्ले, गाणी झाली, आणि पूजा आटोपल्यावर आबांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली बॅग काढली. हुबेहूब. अगदी तोच रंग, तीच शिलाई. सोन्यासारखी पट्टी, तिच्यावर नाव. नुसती एकच खोड. मूळ नावात 'एल' एकदा येतो, हिच्यात दोनदा.

नखं घासायच्या पट्टीनं मी जादाचा एल खरवडून काढला. आता तिथं थोडी मोकळी जागा दिसते, पण वापरून झिजल्यासारखी वाटते. वरून बंदाला रेशमी रुमाल गुंडाळला, मॅडम गुंडाळतात तसा.

ऑफिसात ललितनं पहिल्या मिनिटात हेरली. "ओरिजिनल?" मी म्हटलं, मामा दुबईला असतात. माझे मामा पिंपळनेरला ट्रॅक्टर चालवतात. तोंडातून निघून गेलं. मग एकातून एक निघत गेलं. तू नाशिकची ना? हो. (लॉ नाशिकला केलं, एवढंच खरं.) घरी काय, अहिराणी वगैरे बोलता? छे, आमच्याकडे नाही कोणी बोलत.

कामिनी मॅडमनी बॅगेकडे पाहिलं, छान आहे म्हणाल्या, हात मात्र लावला नाही. बरं झालं.

११ ऑगस्ट, सोमवार

खरं लिहायचं तर बॅगेनं फरक पडतो. पडतोच. आठवड्याभरात तिघा पक्षकारांनी मॅडम म्हटलं. शिपाई दार उघडून धरतो. कोर्टातल्या बायकांच्या खोलीत इथल्या बड्या लेले वकिलांची मुलगी आपणहून बोलायला आली आणि मला विचारते, पुण्याच्या मॉलमधली का गं? मी हसले. हसणं म्हणजे हो असतं.

एक त्रास आहे. पाऊस आला की बॅगेचा रंग हाताला लागतो. मी ती छत्रीत घेते आणि स्वतः भिजते. ललित हसला, म्हणाला, अस्सल चामडं जपायलाच लागतं. मग नेहमीसारखं मला विचारलं, ऋतिका, किती वाजले गं? मी मोबाईल बघून सांगितलं. एवढं महागाचं घड्याळ, पण याला मनगट वळवायचाही कंटाळा. श्रीमंतांचं असंच असतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

आजचं लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

तानुबाई नावाच्या एक आजी आल्या होत्या. साक्रीकडच्या. त्यांचे मालक तोतारामबाबा गेल्या वर्षी अपघातात गेले. काळीपिवळी जीप बाजाराहून परत येताना रस्ता सोडून नाल्यात गेली. जीपवाला म्हणतो रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, ड्रायव्हरनं वाचवायचा प्रयत्न केला, त्याचा दोष नाही. दोष नाही तर भरपाई नाही. जीपमधली बाकी माणसं मागे होती, त्यांना काही दिसलं नाही. ड्रायव्हरशेजारी पुढे बसल्या होत्या त्या या आजीच. म्हणजे सगळा दावा त्यांच्या एका वाक्यावर. सध्या त्या मुलीकडे, सुलक्षणाकडे, जळगावात राहतात. सुलक्षणा डाळमिलमध्ये कामाला, तिला सुटी नव्हती. आईला रिक्षातून दारापर्यंत सोडून गेली.

आमचे मुन्शी पंडितभाऊ असते तर प्रश्नच नव्हता, ते अमळनेरचे. पण ते महिनाभर रजेवर. आजी बोलल्या आणि मॅडमना अर्धं कळेना. मॅडमनी विचारलं, यांची भाषा कोणाला येते? माझ्याकडे पाहिलं नाही कोणी. मी नाशिकची ना. ललित पुढे झाला, म्हणाला, येते मला थोडी, आमच्या शेतावर येतात तिकडची माणसं.

मॅडमनी विचारलं, ड्रायव्हर गाडी कशी चालवत होता?

आजी म्हणाल्या, "डायवर जपेल व्हता, भाऊ. पुरा जपेल व्हता."

ललित म्हणाला, "जपून चालवत होता म्हणतात. पूर्ण जपून."

जपेल म्हणजे झोपलेला. साक्रीत शेंबडं पोरही सांगेल. ड्रायव्हर झोपला होता. आजी जीव तोडून सांगत होत्या की तो झोपला होता, आणि ललित टाइप करत होता की तो काळजीपूर्वक चालवत होता. एकदा नाही, तीनदा विचारलं मॅडमनी. तीनदा आजी तेच म्हणाल्या, दर वेळी जरा मोठ्यानं. शेवटी मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, बाई स्वतःच ड्रायव्हरला चांगला म्हणते, तर मी काय लढू?

मी तिथं होते. दोन हातांवर. बॅग मांडीवर घेऊन.

जाताना आजींनी माझा हात धरला. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू कोनी आंडेर व माय?" कोणाची मुलगी गं तू. आमच्याकडे हे असंच विचारतात. माणूस भेटलं की आधी नाव नाही विचारत, कोणाचं ते विचारतात. आजींना माझ्या तोंडावळ्यात काहीतरी गावाकडचं दिसलं असणार. मी म्हटलं, "सॉरी आजी, मला कळत नाही."

त्यांनी हात सोडला. मला माझीच किळस आली.

२० ऑगस्ट, बुधवार

मॅडमनी ठरवलं. तानुबाईंचा दावा १३ सप्टेंबरच्या लोकअदालतीत तडजोडीला ठेवायचा. जबाबाची प्रतही विमा कंपनीला गेली. विमा कंपनी दयेपोटी जे थोडंफार देईल ते घ्यायचं आणि संपवायचं. लोकअदालतीत सही झाली की अपील नाही. कायमचं.

मी मनाशी खूप वाद घातला. भाषांतर ललितनं केलं, मी नाही. मॅडम सीनियर आहेत, त्यांना समजायला हवं होतं. पंडितभाऊ येतील तेव्हा जबाब वाचतील, त्यांच्या लक्षात येईलच. पण जबाबात 'जपून' असं शुद्ध मराठीत टाइप केलंय, त्यांच्या काय कपाळ लक्षात येणार!

सांगायचं म्हटलं तर एक वाक्य आहे. पण त्या वाक्यामागून सगळं बाहेर येतं. तुला कसं माहीत? मी तिकडचीच. मग नाशिक? मग मामा? मग बॅग? एक धागा ओढला की अख्खा सदरा उसवतो, तसं होईल. लेले वकिलांची मुलगी ऐकेल. ते सगळे हसतील असंही नाही, नुसते एकमेकांकडे बघतील. त्या बघण्याची मला भीती वाटते. एका म्हातारीच्या नवऱ्यापेक्षा मला ते बघणं मोठं वाटतंय. लिहिलं एकदाचं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

जिन्यात सुलक्षणा भेटली. कामावरून थेट आली होती, केसांवर डाळीचा भुगा. मॅडम कोर्टात होत्या म्हणून मलाच विचारलं. फार रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "मॅडम, आईचं बोलताना काय चुकलं? ती जेवत नाही. म्हणते, माझ्या तोंडानं मी यांचा खटला घालवला. कोणता शब्द चुकला तेवढं सांगा, मी तिला समजावते."

मी म्हटलं, चुकलं असं काही नाही, कायद्याचं असतं काहीतरी.

कायद्याचं असतं काहीतरी. पाच वर्षं शिकून हे उत्तर.

तिनं मला हात जोडले. माझ्या बॅगेचा तिला धक्का लागला तर सॉरी म्हणाली आणि पदरानं पुसायला लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटतं म्हणतात, ते मला आज समजलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं.

म्हणजे सांगितलं नाही. जे केलं ते लिहिते.

मॅडम एकट्या आहेत असं बघून आत गेले. वाक्य पाठ केलं होतं, मॅडम, मला अहिराणी येते, मी साक्रीची आहे. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "मॅडम, तो 'जपेल' शब्द मला खटकत होता. म्हणून मी बाजारातल्या एकाला विचारलं. साक्रीकडचा कापडवाला आहे. तो म्हणाला, जपेल म्हणजे झोपलेला."

मॅडमनी जबाबाचा कागद पुन्हा वाचला. मग उठल्या आणि त्यांनी माझा खांदा धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, केवढा अनर्थ झाला असता. ललितला बोलावून झापलं, आणि त्याच्यासमोर माझं कौतुक. बघ, हिला भाषा येत नाही तरी हिनं बाजारात जाऊन माणूस शोधला, याला म्हणतात वकील. लगेच सुलक्षणाला फोन केला. दुपारी लेले वकिलांच्या मुलीनंही अभिनंदन केलं.

ललित दिवसभर तोंड पाडून बसला होता. मला त्याची कीव आली. त्याला खरंच माहीत नव्हतं. आमच्या दोघांत तो प्रामाणिक.

आजींचं काम झालं, हे महत्त्वाचं. असं मी दहा वेळा स्वतःला सांगितलं. पण बाजारातला कापडवाला म्हणजे कोण, हे मला माहीत आहे. कौतुक चालू असताना मला आबांचा चेहरा दिसत होता, ताडपत्रीखालचा.

९ सप्टेंबर, मंगळवार

खड्डा खणला तो आता मलाच.

विमा कंपनीच्या वकिलांनी खोडा घातलाय. म्हणतात, आधी 'जपून' म्हणालात, आता 'झोपून' म्हणता, हे तुमच्या सोयीचं भाषांतर. बाहेरच्या माणसाकडून वदवून घ्या, मग बघू. मॅडम उत्साहात मला म्हणाल्या, तुझा तो कापडवाला शनिवारी घेऊन ये.

मी म्हटलं, मॅडम, कोर्टाच्या आवारात अहिराणी बोलणारी शंभर माणसं सापडतील, पंडितभाऊही येतील रजेवरून. नको म्हणाल्या. पंडितभाऊ आपल्या ऑफिसचे. रस्त्यावरचा कोणी धरून आणला तर म्हणतील पढवून आणला. ज्यानं आधी सांगितलं, ज्याचा कोणाशी संबंध नाही, तोच हवा.

ज्याचा कोणाशी संबंध नाही.

संध्याकाळी आबांना फोन लावला. आजींची सगळी हकिगत सांगितली. आबा हळहळले, तोतारामबाबांना ते तोंडओळखीनं ओळखत होते, शर्ट नेला होता म्हणे एकदा. येतो म्हणाले, शनिवारचा बाजार बुडाला तर बुडू दे. मग मी म्हटलं, आबा, एक आहे. तिथं सगळ्यांना मी सांगितलंय की मी नाशिकची, आणि बाजारातल्या एका माणसाला विचारलं म्हणून.

पलीकडे गाठोडी बांधल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मंग मी कोन शे?" आबांनी विचारलं.

नुसता श्वास ऐकत राहिले असणार ते माझा. मग म्हणाले, "बरं. समजनं." आणि गाडीचं विचारलं, धुळ्याहून जळगावची पहिली बस कोणती.

१३ सप्टेंबर, शनिवार

आबा वेळेच्या आधीच आले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. कोर्टाच्या पायऱ्यांशी उभे होते. मी मॅडम आणि ललितबरोबर चालत गेले. मला वाटलं, ते हसतील, त्यांची सवय आहे, मला पाहिलं की आधी हसतात. हसले नाहीत. मॅडमना नमस्कार केला, ललितला केला आणि मग मलाही केला. तसाच, तेवढाच. "राम राम मॅडम."

पॅनेलवर कोकणातून बदलून आलेल्या न्यायाधीश बाई होत्या. समोर विमा कंपनीचे वकील. आजी आणि सुलक्षणा एका बाकावर. आबांना नाव विचारलं. गिरधर नांद्रे. विमा कंपनीचे वकील लगेच माझ्याकडे वळले. "मॅडमही नांद्रेच ना?"

मी उभी राहिले. खरंच राहिले. मला बोलायचं होतं. पण बोलले तर हा माणूस बाहेरचा राहत नाही आणि आजींचा शब्द पुन्हा पडतो, हेही मला दिसत होतं. आणि मी हे आजींसाठी म्हणून गप्प राहिले की स्वतःसाठी, हे मला आत्ता लिहितानाही सांगता येत नाही. तेवढ्यात आबाच हसून म्हणाले, "साहेब, आमच्या तालुक्यात दगड फेका, नांद्रेलाच लागतो. या मॅडम तर नाशिकच्या आहेत म्हणे." सगळे हसले. मी बसले.

न्यायाधीश बाईंनी आजींना पुन्हा विचारलं. आजी म्हणाल्या, डायवर जपेल व्हता. आबांना विचारलं, याचा अर्थ काय?

"झोपलेला होता," आबा म्हणाले. "आमच्याकडं जपणं म्हणजे झोपणं. लेकराला झोपवायचं त्याला जपाडणं म्हणतात. माझी पोर लहान होती तेव्हा भर बाजारात कपड्यांच्या गाठोड्यावर जपाडायचो मी तिला. गिऱ्हाईक आलं तरी ते गाठोडं सोडायचो नाही."

बाईंना ते आवडलं असावं. त्यांनी विचारलं, मुलगी काय करते?

"बाहेरगावी असते," आबा म्हणाले.

बॅग माझ्या मांडीवर होती. आबांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग फार वेळ लागला नाही. विमा कंपनीचे वकील आपल्या साहेबांशी फोनवर बोलून आले आणि मॅडमनी जे मागितलं होतं त्याच्या अगदी जवळ तडजोड झाली. आजींनी अंगठा दिला. सुलक्षणा रडली. ललित उगाचच इकडेतिकडे बघत राहिला, मग आला आणि आजींच्या पाया पडला.

बाहेर व्हरांड्यात आजी आणि आबा गप्पा मारत बसले, एकाच गावच्या माणसांसारखे. कोणाची शेती कुठं, कोण कोणाचा साडू, या वर्षी बाजार कसा. मी दोन पावलांवर उभी, सगळं कळत असताना न कळल्याचा चेहरा करून. आजी माझ्याकडे बोट करून आबांना म्हणाल्या, ही पोर भली शे, पन तिले आपली बोली नही समजस. आबा म्हणाले, "शिकी जाई."

मॅडम आल्या. आबांचे आभार मानले. मग पाकीट काढून माझ्या हातात नोट दिली आणि म्हणाल्या, यांचं येण्याजाण्याचं आणि चहापाण्याचं. मी म्हटलं, मॅडम, तुम्हीच द्या ना. म्हणाल्या, "नाही, तूच दे. तू आणलंस त्यांना." आणि माझ्याकडे बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ. माझा बँड वाकडा झाला होता की काय कोण जाणे.

मी नोट पुढे केली. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली, सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाचा, भवानीचा पैसा कपाळाला लावतात तशी. "येतो मॅडम," म्हणाले. मॅडम वळून आत गेल्या, ललित गेला, व्हरांड्यात आता कोणी ऐकणारं नव्हतं. मी हळूच म्हटलं, आबा. ते पायऱ्या उतरत होते. वळले, टोपी सारखी केली आणि परत म्हणाले, "येतो मॅडम."

मी मागे धावले नाही. बसस्टँड इथून जवळ आहे. चालत गेले असते तरी गाठलं असतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज दिवसभर खोलीतून बाहेर पडले नाही. मायचा फोन आला. आबा बाजाराला गेले होते. मी घाबरतच उचलला, म्हटलं आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल. काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. मनाची तयारी करून बसले होते.

माय आनंदात होती. म्हणाली, काल आबा आले ते जेवलेच नाहीत, आधी गल्लीभर फिरून सगळ्यांना सांगत बसले. केवढं मोठं कोर्ट, केवढे साहेब, आणि ऋतिकाला सगळे मॅडम म्हणतात. शेजारची वच्छलाबाई ऐकून गेली, आबांचे बाजारातले दोस्त ऐकून गेले. माय म्हणाली, मला तर खरंच वाटेना, म्हणून तुला विचारते.

"तू बठ्ठा सायेबस्ना मोरे उभी राहिनी आनि सांगं म्हने, हाऊ मना बाप शे. सांगं ना व?" हा माझा बाप आहे, सांगितलंस ना गं.

मी म्हटलं, हो, माय.